पैशांच्या सामन्यात नऊ नंबरच्या बॉलवर हात का आखडतो?

घोडबंदरकर :
नमस्कार. मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहतो, वय २९. गेली सात वर्षे नियमित पूल (बिलियर्ड्सच्या जातीचा, क्यू म्हणजे लांब काठीने टेबलावर बॉल मारण्याचा खेळ) खेळतो आहे. आमच्या नेहमीच्या गटात पाचशे-हजार रुपये लावून खेळणे होतच असते आणि त्या रकमांचा माझ्या खेळावर कधीही परिणाम झालेला नाही.

दोन आठवड्यांपूर्वी वाशीला एका खेळाडूबरोबर नाईन-बॉलचा सामना ठरला. यात एक ते नऊ नंबरचे बॉल असतात आणि नऊ नंबरचा बॉल जो पॉकेटमध्ये घालतो तो डाव, म्हणजे रॅक, जिंकतो. जो आधी नऊ रॅक जिंकेल त्याने पैसे घ्यायचे होते आणि दोन्ही बाजूंनी ४० हजार रुपये लागले होते. मी आयुष्यात एका सामन्यावर लावलेली ही सर्वांत मोठी रक्कम. आम्ही ८–८ पर्यंत आलो. शेवटच्या रॅकमध्ये मी आठ नंबरचा बॉल व्यवस्थित घातला. नऊ नंबरचा बॉल कोपऱ्यातील पॉकेटपासून जेमतेम दीड हातावर उरला आणि पांढरा, म्हणजे क्यूने मारायचा बॉल, जवळजवळ सरळ रेषेत आला. सरावात हा शॉट मी शंभरातून पंचाण्णव वेळा तरी घालतो. त्या दिवशी मात्र मी शॉटसाठी वाकलो, उठलो, पुन्हा चॉक लावला आणि पुन्हा वाकलो. छातीतील धडधड कानांत ऐकू येत होती आणि मागचा हात माझा नसल्यासारखा जड झाला होता. बॉल पॉकेटच्या तोंडाशी दोन्ही कडांवर खडखडून बाहेरच थांबला. समोरच्याने उठून तो शांतपणे घातला. वाशीहून ठाण्याच्या लोकलमध्ये बसलो तरी माझी बोटे थरथरत होती.

आता त्याच खेळाडूशी तीन आठवड्यांनी पुन्हा सामना ठरला आहे आणि या वेळी रक्कम एक लाख आहे. त्यातील साठ हजार माझा एक मित्र घालतो आहे, कारण त्याचा माझ्या खेळावर विश्वास आहे. पूल पार्लरमधील एकाने सामन्याच्या तासभर आधी हृदयाची धडधड कमी करणारी गोळी घेण्यास सुचवले. दुसऱ्याने दोन पेग घेऊन बसण्यास सांगितले. ज्यांनी मोठ्या पैशांचे सामने खेळले आहेत, त्यांनी कृपया सांगावे की त्या क्षणी हात ताब्यात ठेवण्यासाठी नेमके काय करावे.

जुना मार्कर, नेरूळ :
मी एका जिमखान्याच्या बिलियर्ड्स खोलीत बावीस वर्षे मार्कर म्हणून काम केले. टेबलांना ब्रश मारणे, गुण मांडणे, सभासदांबरोबर खेळणे आणि नवशिक्यांना उभे राहायला शिकवणे, हे माझे काम होते. या काळात शेवटच्या बॉलवर चुकलेले जितके खेळाडू मी पाहिले, त्यांतील बहुतेकांची चूक एकाच जातीची होती, म्हणून सविस्तर लिहितो.

आपण लिहिलेल्या गोष्टींपैकी मला महत्त्वाची वाटली ती ही, की आपण वाकलात आणि उठलात. उठणे चुकीचे नाही. मनात शंका आली तर उठलेच पाहिजे. परंतु उठल्यावर शॉट पहिल्यापासून नव्याने सुरू करावा लागतो. बॉलच्या मागे सरळ उभे राहून रेषा पाहायची, वेग ठरवायचा, पांढरा कुठे थांबवायचा ते ठरवायचे आणि मगच पाऊल पुढे टाकायचे. आपण बहुधा केवळ चॉक लावून, तीच शंका मनात घेऊन पुन्हा वाकलात. निर्णय हा उभ्यानेच व्हायला हवा. वाकल्यानंतर मनात एकही प्रश्न उरता कामा नये, कारण त्या स्थितीत मिळालेले प्रत्येक उत्तर हातातून बाहेर पडते.

आता नऊ नंबरच्या बॉलविषयी. एक ते आठ नंबरपर्यंत खेळाडूला सतत पुढच्या बॉलसाठी पांढरा कुठे आणायचा ते ठरवावे लागते आणि त्या विचारात मन गुंतलेले असते. नऊ नंबरवर पुढचा बॉलच नसतो. पांढरा कुठेही गेला तरी चालतो, फक्त पॉकेटमध्ये जाता कामा नये. मनाचे काम एकदम संपते आणि त्या रिकाम्या जागेत पैसे येऊन बसतात. म्हणून मी शिकवताना आग्रहाने सांगत असे की नऊ नंबरवरही पांढऱ्याला ठरावीक जागा द्या. सरळ शॉट असेल तर पांढरा मध्याच्या किंचित खाली मारून, तो जिथे नऊ नंबरला भिडेल तिथेच थांबवायचा आहे, असे ठरवा. मग ‘हा बॉल जाईल का’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘पांढरा तिथे थांबेल का’ हा आपल्या सवयीचा प्रश्न पुढे येतो.

हाताचे म्हणाल तर दडपणात मागच्या हाताची मूठ घट्ट होते, हे माणसाला स्वतःला कळत नाही. मूठ आवळली की मनगट आणि कोपर आखडतात, क्यू मागे पुरेसा जात नाही आणि पुढे जाताना बॉलपाशी पोचण्याआधीच त्याचा वेग मरतो. त्यातच बॉल गेला की नाही हे पाहण्याच्या घाईने डोके वर उचलले जाते, म्हणजे खांदा हलतो आणि क्यूची दिशा बदलते. आपला बॉल दोन्ही कडांवर खडखडला, यावरून आपली रेषा फारशी चुकलेली नव्हती असे दिसते. बहुधा टिप, म्हणजे क्यूचे टोक, पांढऱ्यावर ठरलेल्या बिंदूवर लागली नाही.

उपाय म्हणून मी एक ठरावीक क्रम देतो. तो सरावातील शंभर रुपयांच्या शॉटवरही तसाच पाळला, तरच एक लाखाच्या शॉटवर उपयोगी पडतो. उभ्याने ठरवा. वाका. क्यूचे तीन झोके मारा, दोन नाही आणि सात नाही. टिप पांढऱ्याजवळ आणून थांबा आणि नजर घालायच्या बॉलवर नेऊन तिथेच स्थिर ठेवा. बॉल पॉकेटमध्ये पडल्याचा आवाज कानांवर येईपर्यंत हनुवटी क्यूवरून उचलू नका. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या बिलियर्ड्स खेळाडूंच्या नजरेच्या एका अभ्यासात असे आढळले की कुशल खेळाडूंची शेवटची स्थिर नजर नवशिक्यांपेक्षा जास्त वेळ टिकते. आम्हा मार्कर लोकांना हे ठाऊक होते, फक्त ते मोजलेले नव्हते.

हे फक्त हौशी खेळाडूंचे दुखणे आहे असे समजू नका. १९८५ च्या जागतिक स्नूकर स्पर्धेचा अंतिम सामना १७–१७ असा बरोबरीत होता, शेवटच्या फ्रेमचा, म्हणजे डावाचा, शेवटचा काळा बॉल टेबलावर उरला होता आणि मध्यरात्र उलटून गेली होती. तोवर तीन वेळा जगज्जेता झालेल्या स्टीव्ह डेव्हिसने तो काळा जास्त बारीक कापला, तो हुकला आणि डेनिस टेलरने पुढच्या संधीत तो घालून विजेतेपद घेतले. एरवी डेव्हिससारख्या खेळाडूकडून तो शॉट सहसा चुकला नसता.

एक व्यावहारिक बाबही लक्षात ठेवावी. आपल्याकडे खाडीकाठी हवेत ओल फार असते आणि वातानुकूलन नीट चालत नसेल तर टेबलाचे कापड जड होऊन बॉल लवकर थांबतात. घामेजल्या बोटांवर क्यू अडकतो तो निराळाच. खेळाडूला वाटते की आपला हात बिघडला, तेव्हा प्रत्यक्षात बिघडलेली असते ती हवा. हातरुमाल आणि हातमोजा जवळ ठेवा आणि सामन्याच्या अर्धा तास आधी त्याच टेबलावर खेळून त्याचा वेग ओळखून घ्या.

वैद्यकीय व्यवसायातील, पाचपाखाडी :
फक्त गोळी आणि दारू या दोन सूचनांविषयी लिहिते.

ज्या गोळीविषयी आपल्याला सांगितले गेले ती बहुधा प्रोप्रॅनोलॉल किंवा त्याच वर्गातील दुसरे बीटा-ब्लॉकर असावे. हे औषध ॲड्रेनॅलिनचा हृदयावरील आणि स्नायूंवरील परिणाम अडवते, म्हणून धडधड व थरथर खरोखर कमी होते. परंतु दमा असलेल्या माणसाला त्याने श्वसनाचा गंभीर त्रास होऊ शकतो आणि ज्यांची नाडी किंवा रक्तदाब मुळातच कमी आहे त्यांना चक्कर येऊ शकते. हे डॉक्टरांनी तपासून लिहून देण्याचे औषध आहे, पार्लरमधील ओळखीच्या माणसाने खिशातून काढून देण्याचे नव्हे. शिवाय जागतिक उत्तेजकविरोधी नियमांनुसार बिलियर्ड्स प्रकारातील सर्व खेळांच्या स्पर्धांत बीटा-ब्लॉकर्सना बंदी आहे. पुढे कधी अधिकृत स्पर्धा खेळण्याचा विचार असेल तर ही सवय लावून घेऊच नये.

दारूने सुरुवातीला हात स्थिर झाल्यासारखा वाटतो, पण अंतराचा आणि वेगाचा अंदाज त्याच वेळी ढासळू लागतो. ज्या खेळात एका मिलिमीटरने निकाल बदलतो, त्यात ही अदलाबदल तोट्याची आहे.

अशा वेळची धडधड हे सहसा आजाराचे लक्षण नसते. शरीर कामासाठी तयार होते आहे, एवढाच त्याचा अर्थ. प्रतिस्पर्धी खेळत असताना खुर्चीत बसून नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावावा. मिनिटाला साधारण सहा श्वास या गतीने दोन-तीन मिनिटे बसलात तरी नाडीचा वेग उतरलेला जाणवेल. सामन्याच्या दिवशी चहा-कॉफी नेहमीपेक्षा वाढवू नये आणि उपाशीपोटी टेबलापाशी जाऊ नये.

कॅरमवाली, कोपरी :
मी पूल खेळत नाही. मात्र अनेक वर्षे कॅरमच्या स्पर्धा खेळले आहे आणि सध्या मानसशास्त्र शिकवते, म्हणून दोन्ही बाजूंनी थोडे लिहिण्याचे धाडस करते.

कॅरममध्ये क्वीन घेतल्यावर लगेच पुढच्या फटक्यात कव्हर घ्यावे लागते, नाहीतर क्वीन परत बोर्डावर येते. सोप्यातले सोपे कव्हर मी अंतिम फेरीत घालवलेले आहे आणि त्या वेळी मी काय करत होते ते मला स्पष्ट आठवते. मी माझ्या बोटाकडे पाहत होते. एरवी बोट आपोआप सुटते. त्या दिवशी ते कसे सोडायचे, याचा मी विचार करू लागले. वर्षानुवर्षांच्या सरावाने जे काम शरीराकडे सोपवलेले असते, ते दडपणाखाली मन पुन्हा स्वतःच्या ताब्यात घेऊ पाहते आणि तिथेच ते अडखळते. म्हणूनच वरील काकांनी सांगितलेला पांढऱ्याच्या जागेचा उपाय मला फार मोलाचा वाटतो. लक्ष हातावरून उचलून टेबलावर ठेवण्याचा तो मार्ग आहे.

आपल्याला उपयोगी पडतील असे दोन प्रयोग सांगते. पहिला थेट पूलचाच आहे. अमेरिकेत १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका विद्यापीठातील पूल खेळणाऱ्यांचे आधी दुरून निरीक्षण केले गेले आणि नंतर चार जण त्यांच्या टेबलाजवळ जाऊन उभे राहिले. चांगल्या खेळाडूंचे यशस्वी शॉट ७१ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेले, तर कच्च्या खेळाडूंचे ३६ वरून २५ वर आले. पाहणारी माणसे सर्वांनाच बिघडवत नाहीत. जे अंगात मुरलेले असते ते दडपणात वर येते आणि जे मुरलेले नसते ते उघडे पडते.

दुसरा प्रयोग पैशांचा आहे आणि तो आपल्याच देशात, तमिळनाडूतील खेड्यांत झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गावकऱ्यांना नेम, स्मरण आणि कौशल्याचे काही खेळ दिले होते. कोणाला एका खेळामागे जास्तीत जास्त ४ रुपये, कोणाला ४० आणि कोणाला ४०० रुपये मिळणार होते. तेथील लोकांच्या मानाने ४०० रुपये ही फार मोठी रक्कम होती आणि सर्वांत वाईट खेळले ते नेमके हेच लोक. ४ आणि ४० रुपयांच्या गटांत मात्र विशेष फरक पडला नाही. आपल्या पाचशे-हजाराच्या आणि चाळीस हजारांच्या खेळात पडलेला फरक मला याच जातीचा दिसतो. आपण भित्रे आहात असा निष्कर्ष त्यातून निघत नाही, रक्कम आपल्या मोजमापाबाहेर गेली एवढाच निघतो.

सरावासाठी एक सुचवते. रोज सराव संपल्यावर तो चुकलेला शॉट तसाच मांडा. पार्लरचा जिना दोनदा धावत चढून-उतरून या, म्हणजे छातीत तशीच धडधड सुरू होईल. मग फक्त एकदाच खेळा. चुकलात तर त्या दिवशी उपस्थित मित्रांच्या टेबलाचे भाडे आपण द्यायचे. दुसरी संधी त्या दिवशी घ्यायची नाही. खऱ्या सामन्यात जे मिळत नाही ते सरावातही मिळता कामा नये. धडधडत्या छातीने शॉट घालण्याची सवय शरीराला वेगळी लावावी लागते.

हिशेबनीस, वागळे इस्टेट :
वरील सर्वांचे सल्ले योग्य आहेत, तरीही मला वाटते की प्रश्नाचे मूळ टेबलावर नाही. आपले चाळीस हजार कोठून येणार आहेत, हे आपण लिहिलेले नाही. मी विचारतो आहे, कारण मी एकदा आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी बाजूला ठेवलेले ३५ हजार रुपये अशाच एका सामन्यात लावले होते. प्रत्येक शॉटच्या वेळी मला आईचा चेहरा दिसत होता. ते पैसे गेले आणि शस्त्रक्रिया चार महिने पुढे ढकलावी लागली. त्या चार महिन्यांत ती जिन्यावरून उतरताना कठड्याला धरून पाऊल चाचपत असे आणि ते मी रोज पाहत होतो. तशा पैशांवर श्वासाचा कोणताही व्यायाम चालत नाही. जी रक्कम गेली तर घरातील एकही गोष्ट बदलणार नाही, तेवढीच लावावी. मित्राचे पैसे तर आपल्या पैशांपेक्षा जड असतात, कारण हरल्यावर त्याच्याकडे पाहायचे असते.

दुसरी गोष्ट सामन्याच्या लांबीची. समजा, एखादा खेळाडू प्रत्येक रॅक जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे. पाच रॅकच्या शर्यतीत, म्हणजे जो आधी पाच रॅक जिंकेल त्याचा सामना असेल तर, तो सुमारे ७३ टक्के वेळा जिंकेल, नऊच्या शर्यतीत ८० टक्के आणि पंधराच्या शर्यतीत सुमारे ८६ टक्के. म्हणजे आपण खरोखर सरस असाल तर लांब सामना मागावा. बरोबरीचे असाल तर लांबीने शक्यता बदलत नाही, तरीही एका चुकलेल्या बॉलवर सगळा भार येण्याची वेळ कमी वेळा येते. १९९६ साली हाँगकाँगमध्ये एफ्रेन रेयेस आणि अर्ल स्ट्रिकलँड या नामवंत पूल खेळाडूंत एक लाख डॉलरसाठी १२० रॅकची नाईन-बॉल शर्यत झाली होती. ती तीन दिवस चालली, रेयेस मागे पडला होता आणि तरी त्याने ती १२०–११७ अशी जिंकली. छोट्या शर्यतीत त्याला परतण्याइतकी जागाच मिळाली नसती.

कायद्याविषयी थोडक्यात. महाराष्ट्रात लागू असलेल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचे कलम १३ निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्या कायद्यातून वगळते. मात्र भोवती उभे राहून कोणी तिऱ्हाईताने लावलेल्या पैजा ही निराळी बाब आहे, तिच्यात पडू नये. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक ठरतो आणि पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी दावा लावता येत नाही. त्यामुळे समोरच्याने पैसे दिले नाहीत तर आपल्या हाती काही नसते आणि ही धाकधूकही खेळताना मनात राहते. खेळायचेच असेल तर दोन्ही बाजूंची रक्कम सामन्याआधी दोघांच्या विश्वासातील माणसाकडे ठेवावी.

घोडबंदरकर :
सर्वांचे मनापासून आभार. हिशेबनीस यांच्या प्रश्नाचे उत्तर देणे मला अवघड जाते आहे, पण देतो. माझे चाळीस हजार मी क्रेडिट कार्डावरून काढणार होतो. हे घरी कोणालाही सांगितलेले नाही. वरची ओळ काल लिहायला घेतली तेव्हा माझा हात सामन्याच्या दिवसासारखाच जड झाला, म्हणून रात्री मित्राला फोन करून त्याचे साठ हजार नको असल्याचे सांगितले. प्रतिस्पर्ध्याला निरोप दिला आहे की मी माझ्या बचतीतील १५ हजार लावून तेराच्या शर्यतीला तयार आहे. त्याने अद्याप होकार दिलेला नाही आणि तो नाही म्हणाला तर सामना होणार नाही.

गोळीचा विचार सोडला आहे. मला लहानपणी दमा होता, हे पार्लरमध्ये कोणालाच ठाऊक नव्हते.

काका, आपल्याला एक विचारायचे राहिले. तो खेळाडू मी वाकल्यावर मुद्दाम खुर्ची सरकवतो किंवा कोणाशी तरी बोलू लागतो. अशा वेळी त्याला टोकावे की दुर्लक्ष करून खेळावे?

जुना मार्कर, नेरूळ :
दुर्लक्ष करून खेळू नका, कारण दुर्लक्ष करण्याचेही कष्ट पडतात आणि ते शॉटमधून वजा होतात. सरळ उभे राहा, क्यूचा बुंधा जमिनीवर टेकवा आणि त्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत त्याच्याकडे शांतपणे पाहा. रागाने पाहू नका आणि एक शब्दही बोलू नका. तो थांबला की उभ्यानेच क्रम पहिल्यापासून सुरू करा. दोन-तीनदा असे झाले की भोवतालचे लोकच त्याला गप्प करतात. सामन्याच्या अटी ठरवताना, एक खेळत असताना दुसऱ्याने खुर्चीत बसून राहायचे, ही अटही सर्वांसमोर बोलून घ्या.

लहानपणी दमा होता हे, पाचपाखाडीच्या बाईंनी दम्याचा उल्लेख करण्याआधीच, पार्लरमधील मित्रांना सांगायला हवे होते. तेवढे आज करा.

मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी दोननंतर मी नेरूळ स्टेशनजवळच्या पार्लरमध्ये असतो. त्या वेळी टेबले रिकामी असतात. आलात तर तो नऊ नंबरचा बॉल मी स्वतः मांडून देईन आणि आपण वाकलात की मीच खुर्ची सरकवीन.